जास्तीचा उजेड

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा असतो, किंवा असायला हवा. आमच्या हिंगोली जिल्ह्यात या वाक्याचा उत्तरार्धच खरा. बहुतेक ट्रॉल्यांच्या मागे दिव्याच्या जागी एखादं रिकामं पोतं लोंबत असतं, नाहीतर मालकाच्या लेकरांची नावं रंगवलेली असतात आणि त्यांच्याखाली ‘पुन्हा भेटू’. अंधारात मागून येणाऱ्याला ती नावं वाचता येतात तोवर भेट झालेलीच असते.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी हाच दिवा बनवते. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून तिनं हिंगोलीच्या एमआयडीसीत एक शेड घेतली. कामाला सात-आठ बायका, एक मिस्त्री, आणि वीज गेली की सगळ्यांना मिळणारी सक्तीची विश्रांती. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे घराण्यातली इंग्रजीतली जेवढी म्हणून कटकट असेल ती न विचारता माझ्याकडे येते. पासपोर्टचे अर्ज झाले, विमा कंपन्यांच्या नोटिसा झाल्या, मग हे प्रकरण आलं.

युरोपात ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कंपनीनं पुतणीचा दिवा कुठल्याशा प्रदर्शनात पाहिला आणि तिला मेल पाठवला. दिवा पसंत, भाव पसंत, फक्त त्यांच्याकडच्या रस्त्यांवर चालण्याची मान्यता हवी. नाताळच्या सुट्टीआधी मान्यतेचा नंबर दाखवलात तर ऑर्डर तुमची, नाहीतर ते दुसरीकडे बघतील. पुतणीनं मला तो मेल दाखवला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या शांतपणे म्हणाली, “काका, हे जमलं नाही तर मी शेड बंद करून परत चाकणला जाणार. बाबांना सांगितलेलं नाही अजून. शेडमध्येही कुणाला नाही.”

तिचंही बरोबर होतं. इथल्या गिऱ्हाइकावर कारखाना चालत नव्हता, कारण दिव्यावाचून इथं कुणाचं काही अडत नव्हतं.

या मान्यतेला टाइप अप्रूव्हल म्हणतात. कल्पना अगदी सोपी आहे, म्हणूनच तिच्याभोवती इतके कागद लागत असावेत. नमुन्याचे दिवे प्रयोगशाळेला द्यायचे. ती ते तापवते, भिजवते, हादरवते, त्यांचा उजेड मोजते. दिवे टिकले की एक नंबर मिळतो आणि तो नंबर पुढच्या प्रत्येक दिव्याच्या काचेवर साच्यातूनच उठवायचा. त्यानंतर कारखाना असेपर्यंत प्रत्येक दिवा त्या नमुन्यासारखाच निघाला पाहिजे. नमुन्यापेक्षा वाईट निघता कामा नये हे कुणालाही कळेल. चांगलाही निघता कामा नये, ही त्यातली मेख. मुलांना ‘कालच्यापेक्षा आज बरं लिहा’ असं सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. ते किती बेजबाबदार शिक्षण होतं हे मला निवृत्तीनंतर कळलं.

वाट दाखवायला पुण्याहून एक सल्लागार आला. मे महिन्यात, कोट घालून. त्याच्या कार्डावर नावापुढे पदव्यांची इतकी अक्षरं होती की नाव बिचारं कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. मान्यतेला तो होमोलोगेशन म्हणायचा. म्हणाला, “सर, होमोलोगेशन इज अ जर्नी.”

“म्हणजे किती महिने?” मी विचारलं.

“ते जर्नीवर डिपेंड आहे.”

जाताना तो दोन वस्तू ठेवून गेला. एक लठ्ठ फाइल, जी मला भरायची होती. आणि सोनेरी चौकटीतलं गुणवत्ता धोरण, जे भिंतीवर लावायचं होतं. धोरण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होतं: ‘ग्राहकाला अपेक्षेपेक्षा अधिक देणे हाच आमचा ध्यास.’ अपेक्षेइतकंच दिलं तर चालणार नाही का, असं मी विचारून पाहिलं. त्यानं म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. पुतणीनं चौकट दाराच्या समोरच ठोकली. ऑडिटला लागते म्हणे.

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. साठीला टेकलेला माणूस. आधी शेतातल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. पुतणीनं शेड घेतल्या दिवसापासून तो तिच्याबरोबर आहे आणि त्याच्याशिवाय ती शेड चालली नसती. त्याला फक्त एक गोष्ट येत नाही: नेमकं तेवढंच देणं. ज्वारी मापताना पायली भरली की वर पसाभर टाकायची आपल्याकडे रीत आहे. मिस्त्रीच्या हाताला तीच लागलेली. सांगितल्यापेक्षा वायर वीतभर लांब, स्क्रू एखादा जास्त. पुतणी बोलायची, तो “व्हय ताई” म्हणायचा, आणि वायर वीतभर लांबच राहायची.

प्रयोगशाळेला नमुने पाठवायची वेळ आली तेव्हा पुतणीनं त्याला चांगले बघून काढायला सांगितलं. तो शब्द तिनं वापरायला नको होता. मिस्त्रीनं चांगले काढले नाहीत, चांगले बनवले. नांदेडहून भारी एलईडी आणले, करंट आवरून धरणारा आतला छोटा भाग बदलला, आणि त्यातलेच नमुने निवडता यावेत म्हणून पुरतं एक खोकं भरून खास दिवे तयार केले. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. नमुने गेले आणि महिनाभरानं अहवाल आला: नापास. कारण, उजेड जास्त.

मी तो शेडमध्ये वाचून दाखवला. मिस्त्रीनं चष्मा लावून माझ्या हातातला कागद बघितला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावर भरवसा नसला की तो चष्मा लावतो.

“सर, तुमी बराबर वाचलं का? कमी आसंल.”

“जास्तच लिहिलंय.”

“जास्त उजेड म्हनून कोन नापास करतंय? उद्या पोरगं शंभरात एकशे धा मार्क घेऊन आलं त त्येला बी नापास करताल का?”

“शंभरात एकशे दहा पडले तर पेपर फुटला म्हणतात, मिस्त्री.”

कामावरच्या बायका हसल्या. पुतणी हसली नाही. “मिस्त्रीकाका, आत काय बदललं तुम्ही?”

मग त्यानं सांगितलं. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. “ताई, साहेबाच्या देशात जाऊन राहिलं. रोजच्यातलं कसं धाडायचं? पाव्हना पानावर बसला का आपन तूप मोजून वाढतो का?”

“हा पाहुणा उद्यापासून रोज तेवढंच तूप मागणार आहे, काका.”

तिनं त्याला नीट समजावलं. मागच्या दिव्याला दोन कामं असतात. नुसता पेटला की ‘मी इथं आहे’ म्हणायचं, आणि ब्रेक मारला की जास्त पेटून ‘मी थांबतोय’ म्हणायचं. नुसता पेटलेलाच जर ब्रेक मारल्यासारखा दिसला तर मागच्यानं काय समजायचं? मिस्त्रीनं मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची.

दुसऱ्या वेळी तिनं फळीवरचे, कळमनुरीच्या दुकानाला जायचे साधे दिवे स्वतः उचलून पाठवले. ते पास झाले. मिस्त्रीला आनंद व्हायला हवा होता. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आपल्या हातचा सगळ्यात बरा माल नाकारून रोजचा माल पसंत करणाऱ्या देशाबद्दल त्याचं काय मत झालं ते मी विचारलं नाही. त्या खास दिव्यांचं खोकं फोडून भंगारात टाका, असं पुतणीनं त्याला सांगितलं. “व्हय ताई,” तो म्हणाला, आणि खोकं घेऊन गेला.

चाचणी पास झाली म्हणजे मान्यता मिळाली असं नव्हे. मान्यता देणाऱ्यांचा माणूस युरोपातून येऊन कारखाना बघणार, रोज असाच दिवा निघतो का ते तपासणार, आणि मग सही करणार. हे मी भेटेल त्याला सांगत होतो. तरी आठवड्याच्या आत चौकात फ्लेक्स लागला: ‘जागतिक मान्यता मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वर स्थानिक नेत्याचा पुरुषभर उंचीचा फोटो, बाजूनं त्यांच्या कार्यकर्त्यांचे टिकल्यांएवढे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पुतणीचा आधार कार्डावरचा. दिव्याचा फोटो नव्हता. मान्यता मिळायची आहे अजून, असं मी लावणाऱ्या कार्यकर्त्याला म्हणालो. तो म्हणाला, “सर, मिळाल्यावर तर कोनबी लावतंय.”

तपासनीस दसऱ्याच्या सुमाराला आला. त्याला नांदेडहून आणायचं काम सल्लागाराचं होतं, पण ऐन वेळी त्याची दुसरीकडे कुठं तरी जर्नी निघाली. मग इंग्रजीच्या नावानं मी गेलो. मी कोटाच्या तयारीनं गेलो होतो. निघाला एक कृश, थकलेला, बाह्या दुमडलेला माणूस. स्वतःची बॅग त्यानं मला उचलू दिली नाही. अर्धापूरच्या पुढे तो झोपला. मला तो आवडायला लागला होता.

कळमनुरीच्या अलीकडे दिवेलागण झाली. आमच्यापुढे सोयाबीनच्या पोत्यांनी लादलेली ट्रॉली होती आणि तिच्या मागे दोन लाल दिवे, असे की गाडीच्या काचेवर कुंकू सांडल्यासारखं दिसावं. आमचा ड्रायव्हर दर पंधरा-वीस हातांवर ब्रेक मारत होता.

“हा ब्रेक धरूनच चालून राहिला का काय? अय, पाय काढ की.”

पुढच्यानं ब्रेक मारलाच नव्हता. हिसक्यांनी तपासनीस जागा झाला, पुढे वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “लेन्स चांगली आहे.” एव्हाना ड्रायव्हर कंटाळला होता, ब्रेक मारायचं त्यानं सोडून दिलं होतं. ट्रॉली चहाच्या टपरीपाशी थांबली तेव्हा त्यानं आमचीही गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून तो ट्रॉलीच्या मागे गुडघ्यांवर बसला, मोबाइलचा उजेड टाकला आणि काचेवर उठवलेलं पुतणीच्या कारखान्याचं नाव वाचलं.

ट्रॉलीवाला कौतुकानं बघत उभा होता. “काय बघून राहिले साहेब?”

“दिवा,” मी म्हणालो. “कुठून घेतला?”

“मिस्त्रीनं देला. फुकट. लई भला मानूस. लई जनायला देले त्येनं.”

हे भाषांतर न करता सोडून देता आलं असतं. पण ‘लई जनायला’ म्हणताना त्यानं दोन्ही हात असे पसरले की ते कुठल्याही देशात कळलं असतं. तपासनिसानं टपरीवरचा, साखरेत चहा घातलेला चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाला, “तुमचा पहिला अहवाल मी वाचला होता. तो दिवा एकदा बघायची इच्छा होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्वागताला नेते स्वतः हजर. फेटा, शाल, श्रीफळ. तपासनिसानं फेटा बांधून घेतला, फोटो काढू दिला, मग फेटा, शाल आणि नारळ एकेक करून परत केले. तपासणीला आलेल्यानं कसलीही भेट घ्यायची नाही असा त्यांचा नियम होता. नेत्यांना दिलेलं परत घ्यायची सवय नसावी. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, मी मिस्त्रीच्या. मिस्त्री तो काखेत धरून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

तपासनिसानं सगळी शेड बघितली. बायकांचं काम त्याला आवडलं, तसं तो म्हणालाही. फळीवरचे कुठलेही दिवे उचलून त्यानं उजेड मोजला, सगळे नमुन्यासारखेच होते. मग त्यानं विचारलं, नापास झालेलं खोकं कुठे आहे?

पुतणीला मी आदल्या रात्रीच फोनवर सांगितलं होतं. तिनं फक्त मिस्त्रीकडे बघितलं.

“सर, साहेबाला सांगा,” मिस्त्री म्हणाला, “भंगारात जायचे व्हते, ते म्या रस्त्यावर लावले. हिकडं टराली बिनदिव्याच्या पळून राहिल्या. मागून येनारा मरन्यापरीस त्येचे डोळे दिपले त काय बिघडलं?”

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. मुद्दा वाईट नव्हता आणि तपासनिसानंही तो वाईट मानला नाही. त्यानं खुर्ची ओढून मिस्त्रीला बसायला सांगितलं. म्हणाला, “काल माझ्या ड्रायव्हरला ती ट्रॉली सारखी थांबतेय असं वाटत होतं. आधी तो प्रत्येक वेळी ब्रेक मारत होता. नंतर नंतर त्यानं मारायचं सोडून दिलं. त्या वेळी ट्रॉली खरंच थांबली असती तर?”

हे मी मराठीत सांगितल्यावर मिस्त्री नारळाच्या शेंड्या उपटत राहिला. मग एकदम मान वर करून समोर बोट दाखवलं. “मंग भितीवर काय लिवलंय? जादा द्या म्हनून? ताईनंच लावलंय.”

तपासनिसानं चौकटीतलं इंग्रजी वाचलं. मग ते पुन्हा वाचलं. “हे कुणी लिहिलं?”

“सल्लागारानं,” पुतणी म्हणाली.

“हे काढा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी चीड होती, आणि मला वाटलं, सगळ्या जगात मी एकटा नाही. मग त्यानं आपली अट सांगितली. नापास झालेला माल बाहेर गेला, म्हणजे कारखान्याचा आपल्या मालावर ताबा नाही. ते सगळे दिवे परत आणा, फोडा, फोडल्याचा पुरावा पाठवा. तोवर सही नाही.

“परत आना म्हंजे?” मिस्त्रीनं मला विचारलं.

“ज्यांना दिले त्यांच्याकडून परत मागून आणा.”

तो उठून उभा राहिला. “सर, दिलेलं परत मागायचं माझ्यानं व्हायचं न्हाई. माझ्या सात पिढ्यायत कोन मागितलं नसंल. साहेबाला म्हनाव, दुसरी कायबी शिक्षा द्या.”

“मग शेड बंद होणार, मिस्त्रीकाका,” पुतणी म्हणाली. “ही सही आली नाही तर मी जाणार परत. ठरवलंय मी.”

ती हे सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलली. कामावरच्या बायकांचे हात थांबले. त्यातली एक, जी सगळ्यात आधीपासून होती, ती मिस्त्रीला म्हणाली, “ओ मिस्त्री, उदार व्हताना आमाला इचारलं व्हतं का? जावा आता. आना गोळा करून.”

पुढचे काही दिवस मी, मिस्त्री, माझी जुनी गाडी आणि मागच्या सीटवर साध्या दिव्यांचं एक खोकं, असे फिरत होतो. एक साधा लावायचा, एक खास काढायचा. कळमनुरीत फार त्रास झाला नाही. टपरीवर भेटलेला तो ट्रॉलीवाला तेवढं म्हणाला, “सर, दिलेला उजेड परत न्यायची बी नोकरी आस्ते का? माझ्या पोराला लावून द्या.” मिस्त्री प्रत्येक घरी गाडीतून उतरायच्या आधी मला सांगायचा, “सर, तुमी बोला.” मी बोलायचो, तो बाजूला उभा राहून झाडाकडे बघायचा. एखाद्या घरी चुकून लग्नाचं विचारायला आल्यासारखे आम्ही दिसत असणार.

नरसीला रस्त्यालगत एका हॉटेलवाल्यानं दिवा ट्रॉलीला न लावता पाटीवर लावला होता. तो काही केल्या सोडेना.

“ह्या लाल लाइटनं गाड्या हळू व्हत्यात हो,” तो म्हणाला. “पुढच्यानं ब्रेक मारला वाटतंय त्यायला. हळू झाला का पाटी दिसती, पाटी दिसली का उतरतात. दर्शनाला येनारे बी आदी हितं थांबून राहिले.”

“कोणी तरी मागून येऊन धडकेल अशानं,” मी म्हणालो.

“त मग चहा लागंलच की दोघायला.”

या माणसाशी इंग्रजी, मराठी, कायदा, माणुसकी अशा चारही बाजूंनी वाद घालून मी हरलो. शेवटी झाडाकडे बघणारा मिस्त्री वळला आणि म्हणाला, “चहा चांगला कर की लेका, लाइट कशाला लागते थांबवायला?” शेजारच्या पानवाल्याला हे इतकं आवडलं की हॉटेलवाल्याला तिथं उभं राहणं कठीण झालं. त्यानं दिवा स्वतःच काढून दिला.

परत येऊन पुतणीनं मोजणी केली. दोन दिवे कमी भरले. मिस्त्री म्हणाला, फुटले असतील. तिनं पुन्हा मोजले. तो खिडकीबाहेर बघत बसला आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, “सिद्धेश्वरकडं हायेत.”

“कुणाकडं?”

“लेकीच्या घरी.”

मी हताश होऊन खुर्चीत बसलो. लेकीच्या घरी म्हणजे जावयाकडे. जावयाला दिलेली वस्तू परत मागायची, तीही दिवाळी तोंडावर आली असताना, सासऱ्यानं त्याच्या दारात जाऊन. परक्या देशातल्या कुणा नियम करणाऱ्यानं कितीही शहाणपणानं कलमं लिहिली असली तरी हा प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर आला नसणार. पुतणी म्हणाली, ती स्वतः जाते. मिस्त्री म्हणाला, “न्हाई ताई. तुमी गेलात त मी भ्यालो म्हनतील. सर चलतील.” सरांना कुणी विचारलं नाही.

गाव धरणाच्या अलीकडेच. अंगणात नवी ट्रॉली, मागे दोन्ही दिवे पुसून लखलखीत केलेले. जावई तिशीतला, आवाज मोठा. “या मामा, या सर,” करत त्यानं खाट टाकली. चहा आला. मिस्त्रीनं सोयाबीनचा भाव विचारला. धरणात पाणी किती आहे ते विचारलं. मासे कितीचे जातात ते विचारलं. म्हशीचं विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं, त्यानं शेजाऱ्याच्या म्हशीचं विचारलं.

तेवढ्यात जावईच मला म्हणाला, “सर, हे दिवे बघितले का? आमच्या मामांनी देलेत. आख्ख्या गावात आसा उजेड न्हाई कुनाचा. लोकं बघाया येतात.”

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. मी तोंड उघडणार इतक्यात दारातून त्याची लेक म्हणाली, “आबा, ते न्यायला आलात ना? आईचा फोन आलता.”

जावयानं आधी तिच्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. “परत न्यायला?”

“व्हय,” मिस्त्री म्हणाला. माझ्याकडे न बघता, झाडाकडे न बघता. “चुकलं माझं. उजेड जास्ती झाला. तकलीफ मागच्याला व्हती. ताईचा कारखाना आडकून पडलाय त्येच्यापायी. हे साधे आनलेत बदली.”

जावई उठला. खाटेच्या दोरीवर हात फिरवत म्हणाला, “घेऊन जावा मंग. बदली बी नका. मला न्हाई लागत साधे. बिनदिव्याची चालवतो, पयले चालवतच व्हतो की.”

हे सगळ्यात वाईट झालं. मिस्त्रीचा चेहरा मला बघवेना. एवढा खटाटोप करून युरोपातले रस्ते सुरक्षित होणार आणि सिद्धेश्वरची एक ट्रॉली पुन्हा काळोखात जाणार. मी काही तरी मध्यस्थाचं बोलायला लागलो, ते मलाच ऐकवलं नाही.

लेक घरात गेली आणि पेचकस घेऊन आली. “बिनदिव्याची कोन चालवतंय बघते मी,” ती नवऱ्याला म्हणाली. “अंधारात शेतातून येताना मागं पोत्यावर मी बसलेली आस्ते. तुमी पुढं आस्ता.” तिनं स्वतः पहिला स्क्रू काढला, मग पेचकस बापाच्या हातात दिला. “आबा, तुमी लावा. ह्यायचं मी बघते.”

जावई बाजूला सरकला. म्हणाला, “मामा, उद्या सोनं देताल त आदी मोजून द्या म्हंजे झालं.” मिस्त्री ट्रॉलीमागे बसला होता. तिथूनच म्हणाला, “सोन्याला आसलं काय न्हाई लागत. जास्ती झालं त कोन परत मागत न्हाई.”

दिवे लावून झाले. जावयानं ट्रॅक्टर चालू केला आणि मागे येऊन बघितलं. “मिनमिनतंय.”

“लांब जाऊन बघा,” मिस्त्री म्हणाला.

तो चालत वाटेनं पार शेजारच्या रानाच्या बांधापर्यंत गेला. दिवस मावळला होता. तिथं उभा राहून त्यानं बघितलं, आणखी मागे सरकून बघितलं. परत आला तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, “दिसतंय.” या सबंध प्रकरणात कागदावाचून मिळालेली ती एकमेव मान्यता.

खास दिवे शेडच्या मागे फरशीवर ठेवून फोडले. फोडायचं मिस्त्रीनंच मागून घेतलं. पुतणीनं मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं. सल्लागारानं फोनवरून सुचवलं की त्याला थोडं पार्श्वसंगीत दिलं तर प्रेझेंटेशन चांगलं होईल. मी फोन ठेवला. कामावरच्या बायका भिंतीला टेकून बघत होत्या आणि कुणी थट्टा केली नाही. मिस्त्रीनं एकेक दिवा सरळ ठेवला, हातोडी मारली, काच बाजूला सारली. वायरी मात्र त्यानं आधीच कापून घेतल्या होत्या.

नाताळच्या जरा आधी मेल आला. खाली सही होती, वर नंबर होता. पुतणीनं तो वाचला, मग पुन्हा वाचायला माझ्याकडे दिला, चूक नाही ना बघा म्हणून. चूक नव्हती. त्या संध्याकाळी तिनं बापाला फोन करून दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या: ती चाकणला परत जाणार होती हे, आणि आता जाणार नाही हे. माझा भाऊ पहिली गोष्ट मला माहीत होती म्हणून अजून माझ्यावर रागावलेला आहे.

नंबराचा साचा बसला. आता प्रत्येक दिवा मोजूनच पुढे जातो आणि मोजायला मिस्त्री बसतो. त्यानंच ते मागितलं. गेल्या आठवड्यात मी तिथं असताना एका दिव्याला मीटरचा काटा वरच्या रेघेच्या पलीकडे गेला. एलईडी जरा सरस लागला असेल, कुणाची चूक नव्हती. मिस्त्रीनं तो पुन्हा मोजला. पुसून मोजला. हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग उठला, मागे गेला, आणि आम्हाला हातोडीचा आवाज आला.

परत येऊन बसताना तो म्हणाला, “चांगला व्हता.”

“होता,” पुतणी म्हणाली, आणि पुढचा दिवा त्याच्याकडे सरकवला.